गळ, कढई आणि चिठ्ठ्या : आमच्या मंडळीच्या मासेमारी स्पर्धेचं प्रकरण

गेल्या वर्षीच्या प्रीतिभोजनाचा, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीनं एकत्र बसून करायच्या जेवणाचा, हिशोब मांडायला कमिटी बसली तेव्हा सगळं ठीकच होतं. जेवण पुरलं होतं, थोडे पैसेही उरले होते. उठता उठता महिला संघाच्या एक मावशी म्हणाल्या, "प्रीतिभोजन तुमचं झालं ओ. आम्ही सकाळी सातपासून चुलीपाशी. रस्सीखेच कोण जिंकलं ते आम्हाला पुढच्या रविवारी कळलं."

कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तेवढं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. यंदाच्या मासेमारी स्पर्धेची सुरुवात त्या वाक्यापासून आहे, माशांपासून नाही. मी कमिटीचा चिटणीस. सांगली-मिरजेतल्या दोन-तीन मंडळ्यांनी "तुम्ही नेमकं काय केलं?" असं विचारलं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

आधी मंडळीविषयी. आम्ही मिरजेचे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. आमच्यातल्या जुन्या घरांतली कुणाची आजी तिथं सिस्टर होती, कुणाचे आजोबा कंपाउंडर. दुसरीकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेली घरं आहेत : कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करणारे, खेड्यांतून मुलांच्या शाळेसाठी आलेले, नर्सिंग शिकणाऱ्या मुली. भांडण कधीच नव्हतं. पण बाकं ठरलेली होती आणि उपासनेनंतरचा चहाही दोन घोळक्यांत व्हायचा. "सलाम", "सलाम" म्हणून झालं की ज्याचा तो घोळक्यात. एकमेकांची नावंसुद्धा नीट माहीत नव्हती, हे मला स्पर्धेच्या नावनोंदणीच्या वेळी समजलं आणि फार लागलं.

मासे धरायची कल्पना कुपवाडला लेथवर काम करणाऱ्या एका तरुणाची. हा पोरगा सुट्टी मिळाली की गरी घेऊन बाहेर पडणारा. पाळकसाहेबांना ती कल्पना लगेच पटली, कारण तारीख त्यांच्या मनात आधीच होती : ईस्टरनंतरचा पहिला शनिवार. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आमच्यातली काही घरं मटण-मासे सोडतात, तेव्हा त्याआधी असा कार्यक्रम शक्यच नव्हता. आणि ईस्टरनंतर वाचायला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय होताच. रात्रभर जाळं टाकून हाती काही न लागलेले सात शिष्य, मग उजव्या बाजूला टाकलेलं जाळं, 153 मोठे मासे आणि काठावर निखाऱ्यांवर आधीच भाजत ठेवलेली न्याहारी. स्वयंपाक तिथं प्रभूनं स्वतः केला होता. पाळकसाहेब मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले आणि पुरुषांकडे बघत राहिले.

जागेवरून मात्र बराच खल झाला. पहिलं नाव अर्थातच कृष्णेचं निघालं आणि पहिल्यांदा तेच खोडलं. भिलवडीपासून हरिपूर-अंकलीपर्यंत नदीत मगरी आहेत, सांगलीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वीस मुलं घेऊन त्या काठावर कोण बसणार? मग एखाद्या धरणाचा जलाशय असा विचार झाला. पण जलाशयातली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते, तिथले मासे हा त्यांच्या पोटाचा विषय. परवानगी मागता आली असती, पण दुसऱ्याच्या पोटावर आपली मौज नको असं ठरलं. ते मला आजही बरोबर वाटतं.

शेवटी शेततळं ठरलं. तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या अलीकडे, आमच्या एका सभासदाच्या मित्राची द्राक्षबाग आहे. त्या पट्ट्यात बागेला उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी सगळीकडे दिसतात आणि पाणी साठवलंच आहे तर त्यात मासे सोडणारेही बरेच. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेला पाणी लागतं, तळं खाली जायला लागतं आणि मासे काढावेच लागतात. म्हणजे आमची वेळ आणि बागाईतदाराची गरज जुळली.

त्या दादांनी तीन अटी घातल्या. तिन्ही ऐकण्यासारख्या होत्या.

पहिली, गळ कागदाला लागता कामा नये. पाचशे मायक्रॉनचा कागद, एक भोक पडलं की पाणी जिरायला लागतं आणि भोक सापडत नाही. म्हणून तळाला गळ सोडायचाच नाही. तरंग्याला मोराच्या पिसाची काडी, तिच्याखाली तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, जेमतेम तीन फूट, आणि गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला. दुसरी, अर्ध्या किलोच्या आतला रोहू-कटला परत पाण्यात सोडायचा, पण चिलापी एकही परत सोडायची नाही. चिलापी तळ्यात नको तितकी वाढते आणि बाकीच्यांचं खाद्य फस्त करते. तिसरी अट त्यांच्या आईची. त्या माळकरी. घराजवळ मासा शिजायचा नाही, घरचं भांडं वापरायचं नाही.

तिसऱ्या अटीनं आम्हाला जागा मिळवून दिली. बागेच्या पलीकडच्या टोकाला बेदाण्याचं शेड आहे, हिरव्या जाळीचं, लांबच्या लांब. यंदाचा बेदाणा निघून गेला होता, रॅक मोकळे होते, सावली भरपूर आणि वारा आरपार. भांडी आम्ही चर्चमधून नेली.

आता नियम. इथं कमिटीनं सगळ्यांत जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. सगळ्यांत मोठा मासा धरेल त्याला बक्षीस, असा साधा नियम ठेवला असता तर गरीवाले चार तरुण तळ्याच्या चार कोपऱ्यांत बसले असते आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणून जोड्या केल्या, त्याही चिठ्ठ्या टाकून. एका डब्यात जुन्या घरांची नावं, दुसऱ्यात नव्या घरांची. लहान-मोठं, बाई-माणूस असा भेद नाही. एका जोडीला एकच काठी. वजन जोडीचं धरायचं आणि मासा पाण्याबाहेर काढताना काठी ज्याच्या हातात नाही त्यानंच गळ सोडवायचा. हा शेवटचा नियम लेथवाल्या पोराचा. त्यामुळे कुणी एकटा मासा धरूच शकत नव्हता.

तळं तीस बाय तीस मीटरचं, म्हणजे काठ एकशे वीस मीटर. वीस जोड्या, प्रत्येकी सहा मीटर. काठापासून तीन फुटांवर फक्कीनं पांढरी रेघ मारली आणि तिच्यापुढे कुणीही पाय टाकायचा नाही असं बजावलं. शेततळ्याला भेट देणाऱ्या प्रत्येकानं हे मनावर घ्यावं. ओला कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणारासुद्धा उतारावरून वर येऊ शकत नाही. दरवर्षी माणसं अशीच जातात. आम्ही चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडून ठेवले, ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या चार ट्यूब ठेवल्या आणि पोहणारे चार जण स्पर्धेत न घेता नुसते उभे केले. त्या चौघांनी दिवसभर गरीला हात लावला नाही. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

राहिली कढई. मासे साफ करणं, तळणं, वाढणं, भांडी घासणं, सगळं पुरुषांनी. महिला संघ गळ टाकणार. हे ठरवताना दोन-तीन काकांनी "आम्हाला जमायचं नाही, मासे वाया जातील" असं खरोखर काळजीनं सांगितलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून स्पर्धेच्या आधी चर्चच्या मागच्या अंगणात शिकवणी लावली. शिकवायला निवृत्त सिस्टर असलेल्या आमच्या आजी, माहेर रत्नागिरीकडचं, वय अठ्ठ्याहत्तर. समोर अकरा पुरुष आणि बाजारातून आणलेले पाच किलो रोहू.

आजींनी विळी मांडली. शेपटीकडून डोक्याकडे सुरीची उलटी बाजू फिरवत खवले काढले; खवले उडू नयेत म्हणून मासा पाण्याच्या घमेल्यात धरला. कल्ले उपटले. मग पोट उघडताना हात थांबवला आणि सगळ्यांना वाकून बघायला लावलं. बोटाच्या पेराएवढी हिरवट पिशवी. "हे पित्त. फुटलं की मासा कडू जहर. ऑपरेशन समजा आणि हळू काढा." पोटातली काळी पातळ साल खरवडून काढली, कारण तळ्यातल्या माशाचा चिखलाचा वास तिथं जास्त असतो. उरलेल्या वासावर मीठ-हळद चोळून धुणं आणि वर चिंचेचं किंवा लिंबाचं पाणी. हळद सांगलीचीच, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली, तेव्हा तिथं प्रश्न नव्हता.

खरी गंमत पुढे. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक, दुबेळक्याच्या आकाराचे काटे असतात, पोरांच्या घशात अडकतात ते हेच. आजींनी तुकड्याच्या जाड भागावर सुरीनं अगदी जवळजवळ, करकर आवाज येईल अशा चिरा दिल्या. तो आवाज काटे कापले जाण्याचा. असा तुकडा कडक तेलात पडला की कापलेले काटे तळून कुरकुरीत होतात आणि चावले जातात. अकराही जणांनी प्रत्येकी दोन मासे साफ केले. एका काकांच्या हातून पित्त फुटलं. आजींनी तो मासा बाजूला ठेवला, नवा दिला आणि "परत" एवढंच म्हणाल्या.

प्रत्यक्ष दिवशी आम्ही पहाटे साडेपाचला मिरजेतून निघालो. मासे सकाळीच लागतात असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तळ्यावर पोचलो तर पोरांनी आरडाओरडाच केला : पाण्यावर मासेच मासे! शेकडो तोंडं वर आलेली, गपागप करत असलेली. प्रार्थना झाली, अध्याय वाचला, शिट्टी वाजली, वीस गळ पाण्यात पडले. आणि काही नाही. कणकेचा गोळा माशाच्या नाकासमोर, मासा ढुंकून बघेना. साडेसात झाले, आठ झाले. एका जोडीतली मुलगी रडकुंडीला आली. कुणीतरी म्हणालं, "उजव्या बाजूला टाका!" आणि वीसच्या वीस काठ्या उजवीकडे फिरल्या. तरीही काही नाही, पण हसण्यानं सगळा बांध हलला.

मग बागेतला गडी पुढे आला, तोंड एवढंसं करून. "पाव्हणं येणार म्हणून काल सांजच्याला पेंड दुप्पट टाकली ओ. म्हटलं मासं जरा गुबगुबीत दिसू देत."

दादांनी पाण्याकडे बघितलं आणि कारण सांगितलं. पेंड खाऊन उरली ती पाण्यात कुजायला लागली. एप्रिलची उबदार रात्र, पाणी शेवाळानं हिरवं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री उलटा घेतं. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो, त्यात ही कुजणारी पेंड. मासे खायला वर आलेले नव्हतेच, श्वासासाठी आले होते. श्वास लागलेला मासा आमिष कशाला घेईल? त्यांनी ताबडतोब मोटर सुरू केली, तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडलं आणि म्हणाले, "ऊन वर येऊ द्या. नऊ-साडेनऊनंतर बघा." गड्याला कुणी बोललं नाही. पाळकसाहेबांनी त्याला चहा दिला आणि आपल्या शेजारी बसवलं.

माझ्या मते अख्ख्या दिवसातला मोलाचा भाग हे दोन तास. गळ पाण्यातून काढून ठेवले होते. जागा सोडायची नाही, कारण जागा चिठ्ठीनं मिळालेली. आपापल्या सहा मीटरवर दोघं दोघं बसले. नऊ वर्षांचा एक मुलगा आणि ब्याऐंशी वर्षांचे आमचे कंपाउंडर आजोबा एका जोडीत होते. मी पाणी वाटत त्यांच्यापाशी गेलो तेव्हा आजोबा त्याला मोराच्या पिसाच्या काडीला तंगुसाचा फास कसा घालायचा ते दाखवत होते. हात थरथरत होते, फास तीनदा निसटला. चौथ्यांदा पोरानं काडी आजोबांच्या बोटांसकट धरून ठेवली आणि फास बसला. पुढे त्याच गाठीवर पहिला मासा लागला. नर्सिंग शिकणारी एक मुलगी निवृत्त सिस्टर आजींना आताच्या वॉर्डात इंजेक्शनं कशी देतात ते सांगत होती, आणि आजी त्यांच्या काळी सुया उकळून पुन्हा कशा वापरायच्या ते. गेल्या वर्षी तक्रार केलेल्या मावशींच्या जोडीला तो लेथवाला पोरगा. त्यांना दिवसभरात एकही मासा मिळाला नाही. मोठ्यानं बोलणाऱ्याकडे त्या डोळे वटारून बघायच्या, आणि चहाला बोलावलं तर "आत्ता नको, लागतोय" म्हणायच्या.

साडेनऊच्या सुमारास पाण्यावरची तोंडं दिसेनाशी झाली. दहा मिनिटांनी पहिली काडी बुडाली. त्यानंतर जे सुरू झालं ते अकराला ऊन सोसेना तेव्हाच थांबलं. चिलापी धडाधड लागत होती. कटला वरच्या पाण्यात फिरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. आमचा तीन फुटांचा गळ कागद वाचवण्यासाठी होता, तोच कटल्या-रोहूच्या वाटेवर आला. मृगळ अर्थातच एकही नाही. चार पोरांनी मिळून हिशोब ठेवला : चिलापी 44, रोहू-कटला 9. त्यातले तीन लहान म्हणून परत सोडले. बाकीचे वजनकाट्यावर 9 किलो 200 ग्रॅम भरले. एकूण 53 ऐकून वही धरलेला मुलगा पाळकसाहेबांकडे पळत गेला आणि म्हणाला, "शंभरच कमी पडले!"

जेवणाचं गणित आम्ही गळावर टांगलेलं नव्हतं. माणसं बासष्ट. काहीजण मासे न खाणारे धरून पंधरा किलोचा अंदाज होता, कारण डोकं, खवले, आतडं जाऊन मासा बराच कमी भरतो. कमी पडलेलं दादांनी फेकजाळं टाकून काढून दिलं. सगळ्याचे पैसे ठरल्या दरानं दिले. ते नको म्हणत होते, पण हा त्यांचा धंदा आहे आणि पाहुणचार वेगळा, असं पाळकसाहेबांनी समजावलं.

शेडमध्ये अकरा पुरुष विळ्या मांडून बसले. त्या दिवशी एकही पित्त फुटलं नाही. आलं-लसूण, हळद, मीठ, चिंच आणि घरचा कांदा-लसूण मसाला चोळून अर्धा तास मुरवलं, रवा आणि तांदळाचं पीठ मिसळून घोळवलं, शेंगतेलात तळलं. मोठी चिलापी काट्यांना सोपी, म्हणून तिचे तुकडे आधी मुलांच्या ताटात. पहिला घाणा बिघडला. घाईनं कढईत एकदम पंधरा तुकडे सोडले, तेल थंड झालं आणि रवा सुटून खाली बसला. दुसऱ्या घाण्यापासून सहा-सहाच. रोहू-कटल्याच्या डोक्यांचं कालवण झालं, भाकऱ्या गावातून सांगून आणल्या. ज्या जोडीला मासा मिळाला नाही तिनं पहिला तुकडा निवडायचा, असा नियम होता. मावशींनी शेपटीकडचा घेतला, सगळ्यांत कुरकुरीत.

जेवणं चालू असताना दादांची आई बागेतून येताना दिसल्या. शेडपासून वीस पावलांवर थांबल्या. मागे गडी, त्याच्या डोक्यावर ताकाचा हंडा. "उन्हातनं आलाय, ताक प्या समद्यांनी," म्हणाल्या आणि तिथंच आंब्याखाली बसल्या. आमच्या आजी ताट झाकून ठेवून, हात धुऊन त्यांच्याकडे गेल्या. दोघी चार वाजेपर्यंत तिथंच होत्या. काय बोलल्या ते आजींनी कुणाला सांगितलं नाही.

भांडी पुरुषांनी घासली. तेलकट कढया राखेनं घासायला वेळ लागला, परतायला सहा वाजले आणि दोन जणांच्या पाळ्या होत्या त्यांना आधीच निघावं लागलं. पुढच्या वेळी सुरुवात नऊला करायची आणि आदल्या दिवशी पेंड टाकायची नाही, हे दोन्ही वहीत लिहून ठेवलं आहे. बक्षीस म्हणून दादांनी दिलेला दोन किलो बेदाणा आजोबा आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या जोडीदाराला गेला. तो मुलगा दुसऱ्या दिवशी संडे स्कूलमध्ये वाटून मोकळा झाला.

परवाच्या मीटिंगमध्ये खजिनदारांनी सुचवलं की नाताळच्या फराळालाही हीच पद्धत लावू : चिठ्ठ्या टाकू, जोड्या करू, करंज्याही पुरुष करतील. मावशी ताडकन उठल्या. "मासे करा, भांडी घासा, काय पाहिजे ते करा. करंजीला कुणी हात लावायचा नाही." बरीच चर्चा झाली. करंजी लाटणं आणि भरणं महिला संघाकडे, तळणं अर्धं-अर्धं, यावर आता गाडी अडली आहे. पुढची मीटिंग येत्या रविवारी, उपासनेनंतर.